न प्यायलेलं पाणी

जालन्याहून बदनापूरकडे जाताना, बदनापूर यायच्या आधी एका फाट्यावर आम्ही दोघी एसटीतून उतरायचो. तिथून शाळेचं गाव अर्ध्या तासाच्या चालीवर. आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझ्याच शाळेतली दुसरी शिक्षिका. ती मला ताई म्हणायची, वयानं थोडी लहान होती म्हणून. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही एकाच उन्हाळ्यानंतर या शाळेत लागलो तेव्हा दोघींचीही पोरं कडेवर होती. मी सांगते आहे ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालं, दोघींची चाळिशी उलटून गेल्यावर.

शाळेत चार खोल्या, एक हापसा आणि एक लिंबाचं झाड होतं. संडास नव्हता. मुलं कुठंही जायची, मुली घरी पळायच्या, गुरुजी लोक नाल्याकडे जायचे. आम्हा दोघींना जायला जागा नव्हती. सकाळी घरून निघताना चहा घ्यायचा आणि संध्याकाळी घरी आल्यावर पाणी प्यायचं, ही आमची सवय. मधले सगळे तास कोरडे. चैत्र-वैशाखात शिकवताना जीभ टाळूला चिकटायची. हापशावर पोरं ओंजळीनं पाणी पीत असायची आणि आम्ही बघत असायचो. त्याचं आम्हाला काही वाटायचं असंही नाही. सगळ्याच बायका तसंच करतात असं आम्ही धरून चाललो होतो.

तिचं घर जालन्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. नवरा बियाण्यांच्या कंपनीत गोदामावर होता. घरात सासू, बारावीला गेलेली मुलगी आणि धाकटे दोन मुलगे. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही कधी येईल सांगता यायचं नाही. आलं की हातातलं टाकून भरायला पळायचं. भाकरी तिची, धुणं तिचं, पाणी तिचं, सासूचे डोळे तपासून आणणं तिचं, पोरांचा अभ्यास तिचा. माझ्याकडे वेगळं काही नव्हतं. माझे सासरे मांडीचं हाड मोडल्यापासून पुढच्या खोलीत पडून होते, नवरा पाटबंधारे खात्यात, मुलगा औरंगाबादला शिकायला, मुलगी शाळेत. सासऱ्यांना दुपारचं जेवण शेजारच्या काकू वाढून द्यायच्या, पण ते मी सकाळीच करून ठेवलेलं असायचं.

त्या वर्षी माझी पाळी बिघडली. पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जायचं. गडद रंगाच्या साड्या तेवढ्या वापरात ठेवल्या. पिशवीत टिफिनच्या खाली कापडं असायची, पण ती बदलायची कुठं हा प्रश्न होता. फाट्याच्या वाटेवर ज्वारी उभी असेपर्यंत आडोसा मिळायचा. मैत्रीण वाटेवर उभी राहून राखण करायची आणि मी ज्वारीत शिरायचे. एकदा ज्वारी काढली की फाट्यापर्यंत नुसतं मोकळं रान. मग दिवसभर तसंच उभं राहायचं. खुर्चीवर बसायची भीती वाटायची. जिना नाही, चढ नाही, तरी चालताना मला धाप लागायची. ती माझी पिशवी घ्यायची आणि म्हणायची, "ताई, हळू चला. शाळा कुठं पळून न्हाई चालली."

तिचं दुखणं डोक्याचं होतं. सकाळी उठल्यापासून मानेच्या मागे ठणकायचं. एसटीत खिडकीच्या गजावर कपाळ टेकून ती बसायची. फाट्यावरच्या दुकानातून एक गोळी घ्यायची, कोरडीच चघळून गिळायची आणि म्हणायची, झोप झाली नाही म्हणून दुखतं. झोप तर माझीही होत नव्हती, त्यामुळे मला ते पटायचं.

एकदा शाळेत मुलांच्या तपासणीला सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. तरुण होते. मुलांची वजनं झाली, दात, डोळे बघून झाले. ते सामान आवरत होते तेव्हा मैत्रीण हसत म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आमचं पण बघा की. आम्ही पण शाळेतल्याच हाओत."

त्यांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. तेव्हा तिचं हसू ओसरलं.

"आत्ता डोकं दुखतंय का?"

"ते तर रोजच दुखतं."

"बाई, आज घरी जायच्या आधी जालन्यात दवाखान्यात जा. उद्यावर टाकू नका."

"आज सासूबाईला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचंय."

"मग तिथून पुढे स्वतःला न्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

ती गेली, लगेच नाही, पण त्या आठवड्यात गेली. मीच बरोबर होते. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी करायला सांगितलं. महिनाभरात तिचा चेहरा बदलला. एसटीत ती गजाला डोकं टेकवेनाशी झाली, गप्पा मारायला लागली. वर्गातून तिचा पाढे म्हणून घेण्याचा आवाज माझ्या वर्गात यायचा, तो मोठा झाला.

मग एक दिवस वाटेनं चालताना मी सहज विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या."

"कोणाला विचारून?"

"कोणाला काय विचारायचं ताई? ती गोळी घेतली की तासाभरात लघवीला जावं लागतं. एकदा न्हाई, दोन-तीनदा. दुसऱ्या तासाला वर्ग सोडून मी जाऊ कुठं? परवा पोटात कळ आली, फळ्याकडं तोंड करून उभी राह्यले. पोरांना वाटलं बाई गणित विसरल्या."

"संध्याकाळी घे मग."

"घेऊन पाह्यली. रात्रभर उठबस. सकाळी हंडा उचलायला अंगात जीव न्हाई. आन् आता डोकं बिलकुल दुखत न्हाई. मंग कशाला घ्यायची?"

मी म्हणाले, डॉक्टरला सांग, ते दुसरी देतील. ती म्हणाली, उन्हाळ्याच्या सुट्टीत जाते. आमचं सगळंच उन्हाळ्याच्या सुट्टीवर टाकलेलं असायचं. माझं पोट, तिचं डोकं, तिची किडलेली दाढ. आणि सुट्टी लागली की पाहुणे, लग्नं, पापड-कुरडया, गहू वाळवणं. त्यातून जून यायचा. मागच्या दोन सुट्ट्या अशाच गेल्या होत्या.

त्या वर्षीची सुट्टी यायच्या आधीच ती पडली. वार्षिक परीक्षा चालू होती. शाळा सकाळची. चौथीची गणितं ती फळ्यावर लिहून देत होती. मी शेजारच्या खोलीत होते. एक मुलगी दारात आली आणि म्हणाली, "बाई खाली बसल्यात, उठून न्हाई राह्यल्या."

मी गेले तेव्हा ती फळ्याखाली भिंतीला टेकून बसली होती. फळ्यावर पहिली दोन गणितं सरळ होती, तिसरं तिरपं खाली खाली गेलेलं. तोंड एका बाजूला ओढलं होतं. मला बघून ती काहीतरी सांगू लागली, पण शब्द होईनात, नुसता आवाज. साडी भिजली होती. सगळी पोरं बाकांवर गप्प बसलेली आणि ती डाव्या हातानं पदर ओढून ती भिजलेली जागा झाकायला बघत होती. उजवा हात मांडीवर तसाच पडला होता. मी पोरांना बाहेर काढलं आणि माझ्या पिशवीतली कापडं तिच्या अंगाखाली सारली.

गावातल्या एकाची जीप होती. तीत मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. कच्च्या रस्त्यावर जीप हळू चालवावी की जोरात, हे ड्रायव्हरला कळेना. तो मागे वळून मला विचारायचा आणि मलाही कळत नव्हतं. ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. मी तिला "काही नाही, काही नाही" एवढंच म्हणत राहिले.

जालन्याच्या दवाखान्यात तिचा नवरा गोदामावरून धावत आला. त्याच्या शर्टावर, केसांत बियाण्यांवर मारतात ती पावडर होती. डॉक्टरांनी विचारलं, "बीपीच्या गोळ्या चालू होत्या?"

तो म्हणाला, "हिला बीपी होतं?"

माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाला, "ताई, हिला बीपी होतं? ही तर कधी आजारी पडली न्हाई."

मी त्याला सांगितलं. तो खाली बसला. त्याला मी दोष देत नाही. गोळ्या ती डाळीच्या डब्यामागे ठेवायची. लपवायला म्हणून नव्हे. त्या घरात तिच्या वस्तूंना दुसरी जागा नव्हती.

तिथून तिला औरंगाबादला नेलं. ती जगली. घरी आणली तेव्हा उजवी बाजू गेलेली होती आणि बोलणंही. एकच शब्द उरला होता, "बरं". पाणी पाहिजे असलं तरी बरं, कूस बदलायची असली तरी बरं, राग आला की ओरडून बरं. घरची माणसं हळूहळू आवाजावरून ओळखायला शिकली. पण सुरुवातीचे दिवस वाईट होते. तिला काय हवंय ते कळलं नाही की ती डाव्या हातानं ताट भिरकावून द्यायची आणि मग रडायची.

मुलीची बारावी पार पडली होती, पण तिला पुढे मास्तरीण व्हायचं होतं, ते राहिलं. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "मावशी, डीएडचं मी सोडून दिलं. आईला सांगू नका. तिला वाटून राह्यलंय मी कॉलेजला जाते." मुलगी सकाळी आईसमोरून पिशवी घेऊन बाहेर पडायची, मागच्या दारानं आत यायची आणि स्वयंपाकाला लागायची.

अंगधुणं, भरवणं मात्र सासू करायची. म्हातारी सत्तरीच्या पुढची, डोळ्यांना कमी दिसायचं. सून हिंडती-फिरती होती तोवर तिनं कधी पाण्याचा तांब्या स्वतः घेतला नव्हता. आता ती चाचपडत सुनेच्या तोंडापर्यंत घास न्यायची, कधी हनुवटीला लागायचा, कधी गालाला. मला म्हणाली, "मला वाटायचं ही माझं करील. आता मीच हिचं करून राह्यले." त्यात तक्रार होती की काय होतं, मला कळलं नाही.

त्या सगळ्या धावपळीत माझं अंगावरून जाणं चालूच होतं. एक दिवस तिच्याकडून परत येताना गल्लीच्या तोंडाशी मला अंधारी आली. एका घराच्या ओट्यावर बसून राहिले. नवरा न्यायला आला, आणि पहिल्यांदा स्वतःहून म्हणाला, "तू दाखवून घे."

पहिल्या डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. "पिशवी काढून टाका. आता तिचा काय उपयोग आहे तुम्हाला?" ते असं म्हणाले जसं काही माळ्यावरचं सामान काढायचं आहे. माझ्या नणंदेची पिशवी पस्तिशीच्या आतच काढली होती. तेव्हापासून तिची कंबर धरली ती धरलीच, हाडं दुखतात, अंगाची आग होते. मी नवऱ्याला म्हणाले, मला आणखी एका ठिकाणी दाखवायचंय. त्याला ते आवडलं नाही, पण तो आला.

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी नीट तपासलं, रक्त तपासायला दिलं, सोनोग्राफी केली. रिपोर्ट बघून त्या मला म्हणाल्या, "एवढ्याशा रक्तावर तुम्ही चालत आलात?" आत एक लहान गाठ होती, पण ऑपरेशनची घाई नव्हती. पाळी जायचं वय जवळ आलं आहे, तोवर गोळ्या, रक्त वाढायची औषधं आणि विश्रांती घ्या, मग बघू, असं त्यांचं म्हणणं.

"घरी करणारं कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मीच करते सगळं."

"तसं नाही विचारत. तुमचं करणारं कोण आहे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत होता.

मी रजा टाकली. इतक्या वर्षांत एक बाळंतपण सोडलं तर पहिली. दिवसाउजेडी पलंगावर पडायची मला सवय नव्हती. पुढच्या खोलीतून सासरे हाक मारायचे आणि माझे पाय आपोआप खाली यायचे. मुलगी ओरडायची, "आई, झोप." नवऱ्यानं एका बाईकडून पोळ्या आणायला सुरुवात केली. सासऱ्यांनी विकतची पोळी खाणार नाही म्हणून ताट सरकवलं. दोन दिवस ते नुसत्या दूध-केळ्यांवर राहिले, तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं खाल्ली. कोणी माझ्याशी भांडलं नाही. पण घरात सगळे असे वावरायचे जसं माझ्यामुळे काहीतरी सांडलं आहे आणि ते आता त्यांना पुसावं लागतंय. समाचाराला आलेली एक नातेवाईक म्हणाली, "आमच्या वेळी एवढ्या-तेवढ्याला कोणी निजत नव्हतं." मी भिंतीकडे कूस वळवली. मनात येत होतं, मैत्रीण निजलीच नाही. निजवावी लागली.

रजा संपून शाळेत गेले तेव्हा तिच्या जागेवर एक नवी मुलगी आली होती. नुकतंच लग्न झालेली, आमच्यासारखीच जालन्याहून येणारी. पहिल्या दिवशी तिनं पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, इथं जायचं कुठं असतं?"

मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हणाले, गुरुजी, संडास बांधून घ्यावाच लागेल. ते वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "वर कळवतो. पण मॅडम, इतकी वर्षं चाललं ना तुमचं?" मी म्हणाले, "एकीचं नाही चाललं." त्यांनी अर्ज लिहायला कागद पुढे ओढला. संडास काही त्या वर्षी झाला नाही. शाळेसमोरच्या घरातल्या बाईनं तिची मागची न्हाणी आम्हाला वापरू दिली. त्यासाठी मी तिच्यापुढे पदर पसरला म्हटलं तरी चालेल. त्या दिवसापासून मी शाळेत पाणी प्यायला लागले. सुरुवातीला दर घोटाला भीती वाटायची.

रविवारी मी मैत्रिणीकडे जायचे. तिचा नवरा तिला खुर्चीत बसवून दारात आणायचा. तो तिची वेणी घालायचा, वाकडी यायची, पण रोज घालायचा. मी शाळेतलं सांगायचे. कोणता मुलगा शिष्यवृत्तीला बसला, कोणत्या मुलीचं सातवीतच लग्न ठरलं. ती ऐकायची, कधी हसायची. हसताना तोंड आणखी वाकडं व्हायचं, म्हणून डाव्या हातानं ते झाकायची. काही रविवारी ती माझ्याकडे बघायचीच नाही. मी नोकरीवर जाते, चालते, बोलते, हे तिला त्या दिवशी सहन होत नसावं. मी थोडा वेळ बसून उठायचे. पुढं पुढं माझं जाणं कमी झालं. सासरे वारले, माझ्या मुलीचं लग्न निघालं, माझी पाळी गेली आणि तिच्या जागी रात्रीची झोप उडाली, अंगाला दरदरून घाम यायला लागला. माझंही बीपी वाढलं. मी गोळी घेते, एकही दिवस चुकवत नाही. त्यानं मी निरोगी झाले असं म्हणणार नाही. जिना चढताना अजूनही मधे थांबते.

नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. हिवाळ्यातल्या एका सकाळी तिला दुसरा झटका आला आणि ती दुपारपर्यंतच टिकली. तिचा मोठा मुलगा सांगायला आला. जलदानविधीला मी गेले. अंगणात मांडव होता, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धवंदना झालेली. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. त्यांचं हळू आवाजात चाललं होतं, सुटली बिचारी, एवढी वर्षं खितपत पडली, सोनं झालं.

तिची सासू कोपऱ्यात भिंतीला टेकून होती. आता तिला जवळजवळ दिसतच नव्हतं. ती म्हणाली, "सुटली म्हणू नका."

बायका तिच्याकडे वळल्या.

"रोज सकाळी एसटीचा टाइम झाला की कपाटाकडं हात करायची. चांगली साडी नेसवून घ्यायची. न्हाई नेसवली की आरडायची. नेसवली की गप बसायची खुर्चीत, शाळा सुटायच्या टायमापर्यंत. ज्या दिवशी गेली त्या दिवशी पण नेसवली व्हती. तिला जायचं नव्हतं."

हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी रविवारी जायचे, आणि रविवारी तिला नेसवायची गरज पडत नसणार. मी म्हातारीच्या शेजारी जाऊन बसले. तिचे हात मांडीवर होते, बोटं सुजून वाकडी झाली होती. एवढी वर्षं एका माणसाचं अंग उचलून उचलून झालेले हात.

मैत्रिणीची मुलगी आली. तिच्या केसांत आता एखाद-दुसरा पांढरा दिसत होता. तिनं विचारलं, "आजी, ताट आणू का?"

"मला भूक न्हाई."

"थोडं खा. मी भरवते."

मुलीनं ताट आणलं आणि आजीसमोर मांडी घालून बसली. भात कालवून पहिला घास तिनं म्हातारीच्या तोंडात घातला. म्हातारीनं तो बराच वेळ चघळला. मुलीच्या लग्नाचं पुढे जमलं, पण ते म्हातारी गेल्यानंतर.